आठवड्याचा हप्ता

जन्मभर विम्याची एजंटगिरी केलेल्या माणसाला कुठेही गेलं तरी एकच दिसतं : हप्ता कोण भरतो आणि वसूल कोण करतो. मुलीकडे अलाबामातल्या बर्मिंगहॅमला राहायला आलो आणि ए. जी. गॅस्टन या माणसात गुंतलो, ते त्यामुळेच.

गॅस्टन 1892 चे. आजी-आजोबा गुलामीतून सुटलेले. वेस्टफील्डच्या खाणीत मजुरी करता करता ते सोबत्यांना जेवणाचे डबे विकत, व्याजाने पैसेही देत. नवऱ्याला पुरण्यासाठी विधवा बाया खाणीवर येऊन पैसे मागत. ते बघून 1923 मध्ये त्यांनी अंत्यविधीचं मंडळ काढलं. दर आठवड्याला थोडी चिल्लर भरायची. माणूस गेला की पेटी, गाडी, दफन सगळं मंडळाकडे. सासऱ्यांच्या भागीदारीत ‘स्मिथ अँड गॅस्टन’ हे फ्युनरल होमही उभं राहिलं. यातली हुशारी मला लगेच कळते. गरिबाला वर्षाचा हप्ता झेपत नाही, आठवड्याचा झेपतो. मात्र तो चुकतोही लवकर, आणि लॅप्स झालेल्या पॉलिसीत नुकसान कंपनीचं होत नसतं. गॅस्टन लक्षाधीश झाले ते काही नुसत्या पुण्याईवर नाही.

आपल्याकडे मर्तिकाला आळी धावते, तिरडी बांधते. त्याचं दुकान असतं हेच आधी पचत नाही. अमेरिकेतही पूर्वी सुतार पेटी करी आणि घरच्या बाया मृताला न्हाऊ घालत. 1861-65 च्या यादवीत पडलेले सैनिक दूरच्या घरी पाठवायचे म्हणून मृतदेह औषधाने टिकवण्याची पद्धत पसरली. लिंकनचा देहही तसाच रेल्वेने गावोगाव नेला गेला. दक्षिणेतले गोरे अंडरटेकर काळ्यांचे मृतदेह घेत नसत, घेतलेच तर मागच्या दाराने. मग काळ्यांची स्वतःची घराणी उभी राहिली. गुलामीत जन्मलेल्या प्रेस्टन टेलरने नॅशव्हिलला 1888 मध्येच हा धंदा थाटला होता.

गोम पुढेच आहे. नागरी हक्कांच्या चळवळीत दिसलेल्या काळ्या शिक्षकाची नोकरी जाई, कुळाची जमीन जाई. अंडरटेकरला कोण काढणार? गिऱ्हाईक सगळं आपलंच! शिवाय हाताशी पैसा आणि मोटारी.

गॅस्टन मात्र जहाल नव्हते. मे 1963 मध्ये ते डेव्हिड व्हॅन या गोऱ्या वकिलाशी फोनवर बोलत होते. चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी पोरांना मोर्चात उतरवलं म्हणून कुरकुर चालली होती. तेवढ्यात खिडकीतून दिसलं, अग्निशमन दलाच्या पाण्याच्या माऱ्याने एक लहान मुलगी रस्त्यावरून गडगडत चाललीय. त्यांनी फोन ठेवून दिला. किंग यांचा मुक्काम गॅस्टन यांच्याच मोटेलात, 30 नंबरच्या खोलीत असे. 11 मेच्या रात्री त्या मोटेलात बॉम्बस्फोट झाला.

मेम्फिसला किंग यांची हत्या झाली त्या दिवशी, 4 एप्रिल 1968 रोजी, त्यांच्यासाठी उभी असलेली पांढरी कॅडिलॅक ‘आर. एस. लुईस अँड सन्स’ या फ्युनरल होमची होती. ड्रायव्हर सॉलोमन जोन्सने खालून सांगितलं होतं, गारठा आहे, कोट घ्या. त्यांचा देह अंत्यदर्शनासाठी तयार केला तोही लुईसांकडेच.

पुढे या धंद्यातली गोरी-काळी सगळीच घराणी विकत घ्यायला कंपन्या निघाल्या. त्यातल्या कॅनडाच्या लोवेन ग्रुपला बिलॉक्सीच्या जेरेमाया ओकीफ या गोऱ्या व्यावसायिकाने कोर्टात खेचलं. वकील घेतला काळा, विली गॅरी. मिसिसिपीतल्या ज्युरीने 1995 मध्ये 50 कोटी डॉलर ठोठावले; तडजोड साडेसतरा कोटींवर झाली. 1999 मध्ये लोवेनचं दिवाळं निघालं. कंपनीचं जे उरलं ते नाव बदलून चाललं आणि 2006 मध्ये ह्यूस्टनच्या आणखी मोठ्या कंपनीने घेतलं. विकत घेतलेल्या जागेवर पाटी मात्र बहुधा जुन्या घराण्याचीच ठेवतात. गिऱ्हाईक नावावर येतं, हे काय एजंटाला सांगायला हवं?