शून्य टक्के घसारा

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाने इतिहासाच्या वाटेला जाऊ नये, असं आमच्या हिचं मत आहे. तिच्या मते मला फक्त मागच्या ३१ मार्चपर्यंतचाच इतिहास ठाऊक असतो. त्याआधीचा रेकॉर्ड रूममध्ये असतो, आणि रेकॉर्ड रूमची किल्ली शिपायाकडे असते. यातला शेवटचा भाग खरा असल्यामुळे मी वाद घालत नाही. पण बी.कॉम. होताना मी एक अशी गोष्ट शिकलो, जी इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाही. ती म्हणजे घसारा.

घसारा म्हणजे काय, ते सोप्या भाषेत सांगतो. आज एक हजार रुपयांची खुर्ची घेतली, की दरवर्षी हिशेबाच्या वहीत तिची किंमत थोडी थोडी उतरवत जायची. खुर्ची तीच, बसणारा तोच. पण काही वर्षांनी वहीत ती एक रुपयाची उरते. जगातल्या यच्चयावत वस्तूंना हा नियम लागू आहे. विनोदाला तर फारच. गेल्या वर्षी हशा मिळवलेला विनोद यंदा सांगून पाहा, समोरचा घड्याळात बघतो. नवऱ्याचे विनोद तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी पूर्णपणे निर्लेखित होतात.

या नियमाला मला एकच अपवाद सापडला, आणि त्याचं नावच मुळी ‘फ्लॉप शो’ होतं.

१९८९ साली दूरदर्शनवर जसपाल भट्टींचा हा कार्यक्रम आला आणि अवघ्या १० भागांत संपला. त्याच वर्षी रविवारी सकाळी ‘महाभारत’ चालू होतं. ते ९४ भागांचं. म्हणजे अठरा अक्षौहिणी सैन्याला ९४ भाग लागले आणि आपल्या देशातल्या कचेऱ्या, ठेकेदार, मीटिंगा या सगळ्यांना मिळून दहा भागांत आटोपावं लागलं. खरं तर प्रमाण उलट हवं होतं.

भट्टी मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजचे. तिथेच त्यांच्या ‘नॉनसेन्स क्लब’ची पथनाट्यं रंगायची. पुढे ते ‘द ट्रिब्यून’मध्ये व्यंगचित्रं काढत. दूरदर्शनच्या सकाळच्या प्रक्षेपणात त्यांचा ‘उल्टा पुल्टा’ हा काही मिनिटांचा तुकडा यायचा. लोक दात घासता घासता तो बघत, आणि हसू आलं की पंचाईत होई. त्यानंतर आला ‘फ्लॉप शो’. निर्मिती सविता भट्टींची. पडद्यावरची बायकोही त्याच आणि घरातलीही त्याच. सोबत विवेक शौक. श्रेयनामावलीत दिग्दर्शकाच्या जागी ‘मिसडायरेक्टेड बाय जसपाल भट्टी’ अशी पाटी. ज्याची खिल्ली उडवायची, त्यालाच तो भाग आदरपूर्वक अर्पण. आणि शेवटी एखाद्या हिंदी सिनेमाच्या गाण्याचं विडंबन. आपल्या कार्यक्रमाला पहिल्याच दिवशी ‘फ्लॉप’ म्हणून टाकणारा माणूस हुशारच म्हणायचा. बुडीत खात्याची आधीच तरतूद करून ठेवली, की वर्षअखेरीला धक्का बसत नाही.

एक गोष्ट तेव्हा कळण्याचं माझं वय नव्हतं, ती आता कळते. ते दिवस पंजाबचे फार वाईट दिवस होते. १९८७ ते १९९२ तिथे राष्ट्रपती राजवट होती आणि वर्तमानपत्रात पंजाबच्या बातमीत रोज मेलेल्यांचा आकडा असायचा. उरलेल्या देशाला पगडीवाला माणूस दोनच ठिकाणी भेटे: बातमीत किंवा चावट विनोदात. अशा वेळी चंदीगडहून एक पगडीवाला आला आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाला, की विनोदाचा विषय मी नव्हे, तुम्ही आहात. आणि देश हसला.

आमचं घरही हसलं. ‘गजरा’वर वाढलेलं घर ते, हसण्याची सवय होती. मी तिसरीत होतो. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आमच्याकडे असल्यामुळे बिऱ्हाडातली निम्मी मंडळी आमच्याकडे असायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, एका कचेरीत कारकून होते. (कचेरीचं नाव सांगत नाही, पेन्शन अजून आईला येतं.) भट्टी दिसले, की अण्णा पुढे सरकून बसत. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला घरकामाला जुंपणाऱ्या मार्गदर्शकावरचा भाग पाहून ते पोट धरून हसले. ठेकेदार आणि सरकारी इंजिनिअरवरच्या भागाला तर डोळ्यांतून पाणी आलं. “बरोब्बर दाखवलंय बघ!” असं ते आईला सांगत. आई पोळ्या लाटता लाटता “हो का” म्हणे.

मग एक दिवस मेडिकल बिलांचा भाग लागला. नोकरदार खोटी औषधांची बिलं लावून पैसे कसे उकळतात, असा विषय.

आता इथे एक कौटुंबिक खुलासा करणं भाग आहे. त्या वर्षी मला टायफॉइड झाला होता. कागदोपत्री. प्रत्यक्षात मला रेनकोट झाला होता. कोपऱ्यावरचा औषधवाला भला माणूस. तो गोळ्या-सिरपचं बिल देई आणि त्यातून घरात शाळेचं दप्तर, पावसाळी चपला, आईचं शिलाई मशीन दुरुस्त करणं वगैरे उपचार होत. यात पाप आहे असं कुणाला वाटत नसे. पगार कमी, बिलाची मर्यादा ठरलेली. मर्यादा पुरी वापरली नाही तर ती वाया जाते, हा हिशेब. शिळी पोळी टाकून देणाऱ्याइतकाच बिल न लावणारा माणूस उधळ्या समजला जाई.

पहिली पाच मिनिटं अण्णा हसले. मग त्यांचं हसणं एकेक पायरी उतरत गेलं. खोलीत शांतता पसरली. आणि तिसरीतल्या मुलाला जे करू नये तेच नेमकं सुचतं, तसं मला सुचलं. मी मोठ्यांदा म्हणालो, “अण्णा, म्हणजे माझा टायफॉइड!”

शेजारच्या काकांनी घसा खाकरला, कारण त्यांच्या मुलाला त्याच महिन्यात कावीळ झाली होती. आई पोळी लाटायची थांबली. अण्णा उठले आणि म्हणाले, “चित्र हलतंय जरा. अँटेना बघून येतो.” चित्र अजिबात हलत नव्हतं. ते गच्चीवर गेले ते शेवटचं गाणं संपेपर्यंत खाली आले नाहीत. रेनकोट मी पुढे तीन पावसाळे घातला.

त्यानंतर भट्टी बऱ्याच ठिकाणी दिसले. ‘फना’सारख्या सिनेमांत दिसले, २००९च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी ‘रिसेशन पार्टी’ काढली. विवेक शौक २०११ मध्ये गेले. २५ ऑक्टोबर २०१२ रोजी, आपल्या ‘पॉवर कट’ या सिनेमाच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, भट्टी जालंधर जिल्ह्यात मोटार अपघातात गेले. २०१३ मध्ये सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मभूषण दिला. ज्या सरकारी कारभाराची त्यांनी आयुष्यभर बिलं काढली, त्याने शेवटी एक बिल पास केलं. पण आपल्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, अर्जदार हयात नसताना.

मधल्या काळात एक चमत्कार झाला. तेव्हाच्या लांबलचक मालिका लोक विसरले आणि हे दहा भाग मात्र मोबाइलवर फिरू लागले. परवा आमच्या कन्येला मी तेच दाखवले. ती नववीत आहे आणि माझ्या कुठल्याही विनोदाला हसत नाही, म्हणून परीक्षक म्हणून उत्तम.

पहिल्यांदा टेलिफोनचा भाग लावला. बंद पडलेला फोन चालू करून घेण्यासाठी माणसाने काय काय करायचं, ते बघून ती गोंधळली. “पण बाबा, त्यांनी दुसरं सिम का नाही घेतलं?” मी तिला लाइनमन समजावला, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणं समजावलं, डायल समजावली. वीस मिनिटं समजावूनही ती हसली नाही. मी मनातल्या मनात वहीत नोंद केली: टेलिफोनचा भाग, घसारा शंभर टक्के, शिल्लक एक रुपया.

मग मेडिकल बिलांचा लावला. एका शब्दाचंही स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही. ती पहिल्या मिनिटापासून खदखदून हसत होती. सदतीस-अडतीस वर्षं झाली, टीव्ही रंगीत होऊन भिंतीवर चपटा बसला, पण या भागाला एक पैशाचा घसारा नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की कुठल्याही कॉमर्सच्या पुस्तकात नसलेला हा हिशेब आहे. टेलिफोनचा भाग पडला, कारण टेलिफोनचं दुखणं बरं झालं. मेडिकलचा भाग टवटवीत आहे, कारण ते दुखणं जसंच्या तसं आहे. ‘फ्लॉप शो’ अजून काय ताजा वाटतो, असं आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा ती जमा भट्टींच्या खात्यावर पडते खरी. पण प्रत्येक जमेला कुठेतरी नावे टाकावंच लागतं, आणि ते खातं आपलं असतं. उद्या एखादी नात हे दहाही भाग पाहून “म्हणजे काय, आजोबा?” असं विचारेल, त्या दिवशी तो कार्यक्रम खरा फ्लॉप होईल. भट्टींना याहून मोठा आनंद झाला नसता.

हे सगळं मी कन्येला सांगणार, एवढ्यात तिने हसू आवरत विचारलं, “बाबा, तुमच्या बँकेत पण मेडिकल बिलं असतात ना? तुम्ही नाही ना असं करत?”

स्वयंपाकघरातून पोळपाटाचा आवाज यायचा थांबला.

माझं गेल्या महिन्याचं बिल खरं होतं. निदान बरंचसं. पण अलीकडे गच्चीवर अँटेना नसते, ही फार मोठी गैरसोय झाली आहे. मी उठलो, म्हणालो, “नेट जरा हळू झालंय,” आणि राउटर बंद करून पुन्हा चालू केला. दोनदा.