छापील असत्याचे वांटेकरी

तोंडीं उठलेली कंडी आणि छापून निघालेलें असत्य यांत एक मोठा भेद आहे. कंडीला गांव नसतें आणि धनीही नसतो; ती ऐकणारा निदान मनांत म्हणतो, ‘लोक कांहीं तरी बोलतात.’ छापील असत्याला मात्र धनी असतो, पत्ता असतो, आणि बहुधा प्रतिष्ठाही असते. म्हणूनच तें खोटें ठरल्यावर जबाबदार कोण, हा प्रश्न उत्पन्न होतो. मालक म्हणतो, आम्हीं सद्भावनेनें छापलें. वाचक म्हणतो, आम्हीं विश्वासानें वाचलें. आणि ज्याची अब्रू गेली तो दोघांच्या मध्यें उभा राहतो. या प्रश्नाचा विचार केवळ तर्कानें करण्यापेक्षां, ज्याची शपथेवर चौकशी झाली आहे असें एखादें प्रकरण पुढें घेऊन करणें बरें. लंडनचें ‘टाइम्स’ पत्र आणि आयर्लंडचे पुढारी पार्नेल यांचें प्रकरण या दृष्टीनें फार बोधप्रद आहे.

ता. ६ मे १८८२ रोजीं डब्लिन येथील फीनिक्स पार्कमध्यें आयर्लंडचे नवे मुख्य सचिव लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश आणि त्यांचे दुय्यम अधिकारी बर्क यांचा खून झाला. पार्नेल यांनीं त्या कृत्याचा जाहीर निषेध केला. पुढें १८८७ सालीं आयर्लंडकरितां दडपशाहीचा कडक कायदा पार्लमेंटपुढें आला असतां ‘टाइम्स’नें ‘पार्नेलपंथ आणि गुन्हेगारी’ अशा अर्थाच्या मथळ्याखालीं एक लेखमाला सुरू केली, आणि ता. १८ एप्रिल रोजीं, म्हणजे बिलाच्या दुसऱ्या वाचनावर मतें पडावयाचीं त्याच दिवशीं, एका पत्राची हुबेहूब प्रतिकृति छापली. मजकूर दुसऱ्याच्या हातचा होता, पण खालीं सही पार्नेल यांची दिसत होती. आशय असा कीं, निषेध करणें आम्हांस भाग पडलें. बर्कला मात्र त्याच्या योग्यतेचेंच फळ मिळालें. पार्नेल यांनीं त्याच रात्रीं कॉमन्स सभेंत हें पत्र धडधडीत बनावट असल्याचें सांगितलें.

हें पत्र ‘टाइम्स’कडे आलें कसें? आयर्लंडच्या स्वराज्याविरुद्ध चळवळ करणाऱ्या एका संस्थेचा चिटणीस ह्यूस्टन यानें तें आणून दिलें. ह्यूस्टनला तें रिचर्ड पिगॉट नांवाच्या इसमाकडून मिळालें होतें. हा पिगॉट एके काळीं डब्लिनमध्यें वर्तमानपत्रें चालवीत असे. पुढें तीं विकून तो नेहमीं पैशाच्या विवंचनेंत असे. ह्यूस्टननें हा माल आधीं ‘पॉल मॉल गॅझेट’चे संपादक स्टेड यांस दाखविला होता, त्यांनीं तो घेतला नाहीं. ‘टाइम्स’चे व्यवस्थापक मॅक्डोनल्ड यांनीं घेतला. त्यांनीं अक्षराची तुलना करविली, पण पत्र मूळ कोणापासून आलें ही चौकशी केली नाहीं. हें त्यांनीं पुढें साक्षींत स्वतःच मान्य केलें. अक्षर पाहिलें, पण हात पाहिला नाहीं! एखादा सावकार गहाणाचा दागिना ठेवून घेतांना सोनें कसाला लावतो आणि तो आणणाराचें घरही विचारतो. जगांतील सर्वांत वजनदार म्हणविणाऱ्या पत्रानें एवढीही काळजी घेतली नाहीं, कारण वस्तु मनाजोगी होती.

आतां वाचकांकडे वळूं. ‘टाइम्स’चा वाचक अडाणी नव्हता. तीन पेन्स देऊन रोज सकाळीं तें पत्र घेणारा हा वकील, व्यापारी, पाद्री, शिक्षक असा सुशिक्षित वर्ग होता. त्या पत्रांतच त्यास एक गोष्ट दिसण्यासारखी होती: एवढा भयंकर आरोप करतांना, हा कागद आमच्या हातीं कसा आला याबद्दल ‘टाइम्स’नें मौन धरलें होतें. तरीही आयरिश स्वराज्याला प्रतिकूल असलेल्या पुष्कळांनीं तें पत्र एखाद्या निकालपत्राप्रमाणें स्वीकारलें. लेखमालेचें पुस्तक निघालें व खपलें. लंडनच्या ज्यूरीकडून न्याय मिळण्याची आशा नाहीं म्हणून पार्नेल यांनीं फिर्याद केली नाहीं, तेव्हां लोकांनीं तोच कबुलीजबाब मानला. न्यायानें पाहतां, दडपशाहीच्या बिलाला सभागृहांत बहुमत होतेंच. त्या पत्रानें कायदा घडविला असें म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्यांच्या मनास तो कायदा बोंचला असता, त्यांची टोंचणी त्यानें बोथट केली. असत्याचें खरें कार्य पुष्कळदां एवढेंच असतें.

१८८८ सालीं तीन न्यायाधीशांचें कमिशन नेमलें गेलें. फेब्रुवारी १८८९ मध्यें पिगॉट साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहिला. पार्नेल यांचे वकील सर चार्ल्स रसेल यांनीं त्याच्या हातीं कागद देऊन कांहीं शब्द लिहावयास सांगितले. त्यांत ‘हेझिटन्सी’ हा एक साधा शब्द होता. पिगॉटनें त्याचें एक अक्षर चुकविलें. आणि नेमकी तीच चूक ‘टाइम्स’जवळील पत्रांपैकीं एकांत होती. पुढच्या बैठकीस पिगॉट आलाच नाहीं. आपण पत्रें बनविल्याची कबुली देऊन तो पळाला, आणि ता. १ मार्च रोजीं माद्रिद येथें पोलीस दाराशीं येतांच त्यानें स्वतःवर गोळी झाडली.

यानंतर हिशेब कसा झाला तें पाहावें. पिगॉटनें प्राण दिले. ‘टाइम्स’नें माफी मागितली, पार्नेल यांस ५,००० पौंड दिले, आणि कमिशनपायीं त्याचे सुमारें दोन लाख पौंड खर्च झाले, पण संपादक बकल हे त्याच खुर्चीवर पुढें वीसहून अधिक वर्षें राहिले. आणि वाचक? त्यास कोणीं कांहींच विचारलें नाहीं. १८९० च्या अहवालांत कमिशननें पत्रें बनावट ठरविलीं, परंतु आयरिश चळवळीवरील दुसरे कांहीं दोष खरे मानले. तेव्हां ज्यांनीं पत्रावर विश्वास ठेवला होता, त्यांस ‘तरी आम्ही म्हणतच होतों’ असें म्हणावयास जागा मिळाली.

आमच्या मतें येथें दोष दोघांचाही आहे, पण वांटा सारखा नाहीं. मालकाचा वांटा मोठा, कारण मूळ शोधण्याचें साधन त्याच्या हातीं होतें. वाचक कांहीं डब्लिनला जाऊन चौकशी करूं शकत नव्हता. पण ‘हें आलें कोठून?’ हा प्रश्न विचारण्यास डब्लिनला जावें लागत नाहीं. व्यवस्थापकानें जो प्रश्न विचारला नाहीं, तोच वाचकानेंही विचारला नाहीं; आणि कारणही एकच: उत्तर नकोसें होतें. वाचकाचा दुसरा वांटा असत्य उघडकीस आल्यावर सुरू होतो. ज्या दहा जणांच्या कानीं आपण ती गोष्ट घातली, त्या दहांकडे परत जाऊन ‘ती खोटी होती’ असें सांगणारे किती निघाले असतील? माफी पत्रानें छापली; पण घराघरांतील बैठकींत झालेल्या बोलण्याची माफी छापखान्याला मागतां येत नाहीं.

हें सर्व दूरदेशचें आहे असें महाराष्ट्रीय वाचकांनीं समजूं नये. याच ‘टाइम्स’चे परराष्ट्र-खात्याचे प्रमुख व्हॅलेंटाइन चिरोल यांनीं १९१० सालीं त्या पत्रांत लिहिलेले लेख ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकरूपानें निघाले, आणि त्यांत लोकमान्य टिळकांचा संबंध राजकीय खुनांशीं जोडला गेला. लोकमान्यांनीं लंडनमध्यें अब्रूनुकसानीची फिर्याद केली. ती १९१९ सालीं चालली. चिरोल यांच्या वतीनें उभे राहिलेले सर एडवर्ड कार्सन हे आयरिश स्वराज्याचे कट्टर विरोधक होते. निकाल चिरोल यांच्या बाजूनें लागला. पार्नेल यांस लंडनच्या ज्यूरीची जी भीति वाटली होती, ती निराधार नव्हती असें मराठी माणसास वाटल्यास नवल नाहीं. ज्यूरी म्हणजे तरी कोण? वर्तमानपत्रें वाचणारे बारा गृहस्थच.

आज तर प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइल हाच त्याचा छापखाना झाला आहे. आलेला मजकूर पुढें धाडणारा मनुष्य त्या क्षणापुरता वाचक राहत नाहीं. मॅक्डोनल्ड यांच्या खुर्चीवर तो बसलेला असतो. तेव्हां मालकांस जाब विचारण्याचा आपला हक्क आपण मुळींच सोडूं नये. परंतु घरांतील मंडळींस एखादी खमंग बातमी वाचून दाखविण्यापूर्वीं, ती आपणांस इतकी आवडली कां, हेंही क्षणभर मनाशीं विचारून पाहावें.