उंबरठ्याच्या आंत

इंग्लंडच्या सामाजिक इतिहासांत ‘आउटडोअर रिलीफ’ असा एक शब्दप्रयोग वारंवार भेटतो. प्रथम वाचणारास वाटतें कीं, रस्त्यावर, उघड्यावर पडलेल्या निराश्रितांस दिलेली ही मदत असावी. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. स्वतःच्या घरांत, स्वतःच्या अंथरुणावर पडून असलेल्या माणसाला मिळणारी भाकरी किंवा आठवड्याचे दोनचार शिलिंग, याला हें नांव होतें. ‘बाहेर’ म्हणजे वर्कहाउसच्या, सरकारी दरिद्रगृहाच्या, बाहेर. कायदा करणारा ज्या दारांत उभा राहून पाहत होता तें दार दरिद्रगृहाचें असल्यामुळें माणसाचें घर हेंच त्याला ‘बाहेर’ दिसलें! या एका शब्दांत जो दृष्टिभ्रम सांठला आहे त्याचा इतिहास आपल्या काळापर्यंत येऊन पोंचतो. आणि घराबाहेर पाऊल टाकणेंच ज्यांना अशक्य, त्यांच्या वांट्याला तो विशेष आला आहे.

या इतिहासाचा आरंभ १६०१ च्या एलिझाबेथकालीन कायद्यापासून करणें सोयीचें आहे. लंगडे, आंधळे, वृद्ध व काम करण्यास असमर्थ अशा लोकांचा भार त्या कायद्यानें ‘पॅरिश’वर, म्हणजे धर्मग्रामावर टाकला. गांवकऱ्यांकडून कर घ्यावा आणि गरजूंना तो वांटावा, हें काम गांवांतल्याच नेमलेल्या माणसांकडे होतें. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. ती कंजूष होती, मर्जीवर चालणारी होती, आणि परगांवचा दरिद्री दिसला कीं त्याला त्याच्या मूळ गांवीं हांकून देण्यांत मोठी तत्पर होती. परंतु कोण अंथरुणाला खिळला आहे हें तिला विचारावें लागत नसे. मदत वांटणारा त्याच गल्लींत राहत असे.

१८३४ सालीं हा जुना संसार मोडला. मदत मिळविणाऱ्याची स्थिति अगदीं हलक्यांतल्या हलक्या मजुराच्या स्थितीपेक्षां सुखाची असतां कामा नये, हें नव्या कायद्याचें सूत्र. धडधाकट माणसाला मदत हवी तर त्यानें दरिद्रगृहांत येऊन राहावें, असा त्याचा हेतु होता. आजारी व पंगु यांना घरीं मदत देण्यास मुभा ठेविली होती, आणि पुढें बरींच वर्षें बहुसंख्य लोकांना ती घरींच मिळत राहिली. खरा घाला पडला तो १८७१ नंतर. त्या वर्षीं स्थापन झालेल्या ‘लोकल गव्हर्न्मेंट बोर्डा’नें घरबसल्या मदतीविरुद्ध जणूं मोहीमच उघडली. कांहीं वर्षांत ती मदत घेणाऱ्यांची संख्या सुमारें एक तृतीयांशानें उतरली. त्यांतील पंगूंचे पाय कांहीं बरे झाले नव्हते. त्यांना एवढेंच विचारलें गेलें होतें: ‘दरिद्रगृहांत येतां काय?’ नाहीं म्हणणारास गरज नाहीं, असें अनुमान काढण्यांत आलें. खरी गरज असती तर आला असता! हें तर्कशास्त्र वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें तें वेष पालटून पुन्हां भेटणार आहे.

मधला काळ भराभर ओलांडूं. १९०८ च्या कायद्यानें सत्तरी गांठलेल्या गरीब वृद्धांना पेन्शन मिळालें, १९२० सालीं पन्नाशीच्या अंधांना मिळालें, आणि १९४८ सालीं जुना ‘पुअर लॉ’ कायद्यानेंच गाडला गेला. मात्र ज्या बाईनें कधीं पगार मिळविला नाहीं, विम्याचे हप्ते भरले नाहींत, आणि जी मध्यम वयांत अपंग झाली, तिची नोंद या नव्या इमारतींतहि कोठें झाली नव्हती. १९६५ सालीं मेगन दु ब्वासों या गृहिणीनें ‘गार्डियन’ पत्रांत पत्र लिहून ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. त्या स्वतः मज्जारोगानें पीडित होत्या. त्या पत्रांतून ‘डिसेबलमेंट इन्कम ग्रुप’ ही चळवळ उभी राहिली. १९६९ सालीं मोटार-अपघातांत त्यांचा अंत झाला. त्यानंतर १९७१ सालीं शुश्रूषेसाठीं भत्ता आला, १९७६ सालीं फिरण्यासाठीं भत्ता आला. १९७७ सालीं विवाहित स्त्रियांनाहि अपंगत्वाचें पेन्शन मिळूं लागलें. पण त्यांना घरकामहि करतां येत नाहीं हें सिद्ध करण्याची अट त्याला होती. पुरुषाला ही अट नव्हती. हा विनोद १९८४ पर्यंत चालला.

१९९२ सालीं हे भत्ते एकत्र करून ‘डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स’ निर्माण झाला. त्यांत एक लहानसें पण महत्त्वाचें पाऊल होतें. ज्याचे पाय शाबूत आहेत, पण अनोळखी रस्त्यावर जो सोबतीवांचून जाऊं शकत नाहीं, त्याचाहि ‘फिरण्याच्या’ भत्त्यावर थोडासा हक्क मान्य झाला. मनाचा अडसर हाहि अडसरच, ही गोष्ट कायद्यानें प्रथमच कबूल केली.

२०१३ पासून या भत्त्याच्या जागीं ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ येऊं लागलें. नव्या पद्धतींत प्रत्येक अडचणीला गुण ठरविलेले होते. पायीं चालण्याच्या बाबतींत पूर्वीचें ५० मीटरांचें माप २० मीटरांवर आलें. पूर्वी ज्यांना भत्ता कायमचा मंजूर झाला होता अशा हजारोंना नवा अर्ज करावा लागला, आणि बहुतेकांना प्रत्यक्ष तपासणी. पाठविलेल्या दिवशीं योग्य कारणावांचून न जाणाराचा अर्ज फेटाळला जाई. घरीं तपासणी मागतां येत असे, पण त्यासाठीं वैद्यकीय पुरावा मागितला जाई. म्हणजे बाहेर जातां येत नाहीं हें दाखविण्यासाठीं प्रथम कोणाला तरी गांठणें आलें. नोव्हेंबरांत हयातीच्या दाखल्यासाठीं बँकेची पायरी चढणाऱ्या आमच्या पेन्शनर मंडळींना यांतलें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं.

गुणांचा तक्ता मोठा मासलेवाईक होता. ज्याला ओळखीच्या वाटेवरहि सोबतीवांचून जातां येत नाहीं त्याला १२ गुण. आणि मनावरील असह्य ताणामुळें ज्याला कोणताच प्रवास करतां येत नाहीं त्याला १०. मोठा भत्ता १२ गुणांना मिळे. अर्थात् जो सोबत घेऊन निघतो त्याला अधिक, आणि जो निघूंच शकत नाहीं त्याला कमी! नोव्हेंबर २०१६ मध्यें वरिष्ठ न्यायाधिकरणानें असा निर्णय दिला कीं, मानसिक ताणामुळें वाट आक्रमितां येत नसेल तरी १२ गुणांचा विचार झाला पाहिजे. सरकारनें यावर काय केलें? मार्च २०१७ मध्यें नियमांतच शब्द घातले: ‘मानसिक ताणाखेरीज अन्य कारणांनीं.’ पूर्वसूचना नाहीं, संबंधितांचा सल्ला नाहीं. चार-पांच शब्दांचा फटका दीड लाखांहून अधिक लोकांना बसेल, असा खुद्द सरकारी अंदाज होता.

या शब्दांविरुद्ध एक स्त्री न्यायालयांत गेली. तिचें नांव गुप्त ठेवून केवळ आद्याक्षरांनींच खटला नोंदला गेला. आम्हांस यांत औचित्य वाटतें. ज्या वर्गाच्या वतीनें ती बोलत होती तो वर्ग चारचौघांत दिसत नाहीं, हीच तर त्याची तक्रार. २१ डिसेंबर २०१७ रोजीं न्यायमूर्ति मॉस्टिन यांनीं तो नियम रद्द ठरविला. तो उघड पक्षपाती आहे, मूळ कायद्यानें दिलेल्या अधिकाराबाहेर आहे, आणि विचारविनिमयावांचून केलेला आहे, असे तीनहि ठपके त्यांनीं ठेविले. पुढच्याच महिन्यांत सरकारनें अपील न करण्याचें जाहीर केलें आणि सुमारें १६ लक्ष प्रकरणें पुन्हां तपासण्याचें पत्करलें. पैशाचें मोल असो. अर्थशास्त्राच्या दृष्टीनें हा आंकडा मोठाच होता. पण आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते ती न्यायालयाची मूळ भूमिका. पाय थिजणें आणि मन थिजणें यांचा परिणाम उंबरठ्याशीं एकच होतो. मग मोबदल्यांत भेद कां?

मार्च २०२० मध्यें साथीच्या रोगानें सारें राष्ट्रच घरांत कोंडलें गेलें. तेव्हां समोरासमोरच्या तपासण्या थांबल्या आणि टेलिफोनवरून प्रश्न विचारले जाऊं लागले. वर्षानुवर्षें ज्या सवलतीसाठीं कागद जोडावे लागत होते ती एका आठवड्यांत सर्वांना मिळाली. अनेकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. पण असेहि पुष्कळ होते कीं, ज्यांना घंटा वाजली कीं धडकी भरे, अनोळखी आवाजापुढें ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि ज्यांचा थरथरणारा हात टेलिफोनच्या दुसऱ्या टोंकाला दिसण्याचा कांहीं मार्ग नव्हता.