भारतातील जिल्हा मानसिक आरोग्य सेवेची उभारणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मनोरुग्णांची संख्या मोठी आणि मानसोपचारतज्ज्ञ अत्यल्प, ही विकसनशील राष्ट्रांची समस्या भारताने स्वातंत्र्यपूर्व काळापासून अनुभवली आहे. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार सुमारे ४० कोटी लोकसंख्येच्या देशात मनोरुग्णालयांतील खाटा अवघ्या १० हजारांच्या आसपास होत्या. केवळ रुग्णालये वाढवून हा प्रश्न सुटणे शक्य नव्हते. त्यावर कोणता पर्याय शोधला गेला व तो सर्वत्र का रुजला नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रुग्णालयाकडून गावाकडे :
१९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू उभारून नातेवाइकांना रुग्णांसोबत ठेवले. कुटुंब हे उपचाराचे साधन ठरू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने मानसिक आरोग्यसेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामावून घेण्याची शिफारस केली. त्याच सुमारास हरियाणातील रायपूर राणी व बंगलोरजवळील सकलवारा येथे ग्रामीण प्रयोग सुरू झाले.

बेल्लारीचा आदर्श :
ऑगस्ट १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारण्यात आला. त्याची जिल्हा पातळीवरील चाचणी बंगलोरच्या 'निमहान्स' संस्थेने १९८५ ते १९९० या काळात कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात घेतली. आरोग्यसेवकाने रुग्ण ओळखावा, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरने मोजक्या आवश्यक औषधांनी उपचार करावेत आणि कठीण रुग्ण जिल्ह्याच्या तज्ज्ञाकडे पाठवावा, अशी ही साधी रचना होती. प्रशिक्षण, औषधपुरवठा, नोंदी व नियमित देखरेख हे तिचे आधार होते.

विस्तार व मर्यादा :
जिल्हा कार्यक्रमास १९९६-९७ मध्ये चार राज्यांतील प्रत्येकी एका जिल्ह्यात प्रारंभ झाला. राष्ट्रीय कार्यक्रम स्वीकारून तोपर्यंत १४ वर्षे लोटली होती. २००२ पर्यंत कार्यक्रम २७ जिल्ह्यांत पोहोचला. आरंभीच्या चार राज्यांत तमिळनाडूचाही समावेश होता; त्याच राज्यातील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका खाजगी आश्रयगृहास आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा बळी गेला. शासकीय सेवा जिथे पोहोचत नव्हती, तिथे कुटुंबांना अशी स्थळेच जवळची होती. विस्तारात बेल्लारीचा आराखडा उचलला गेला. परंतु त्यामागील तज्ज्ञ संस्थेची सततची देखरेख प्रत्येक जिल्ह्यास लाभली नाही.

निष्कर्ष :
२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात विविध मानसिक आजारांबाबत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित आढळले. २०१७ च्या कायद्याने उपचार हा हक्क ठरविला व रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली. तथापि, हक्काची पूर्तता अखेर प्राथमिक आरोग्य केंद्रातच व्हावयाची आहे. पद्धती देशाने १९९० पर्यंत सिद्ध केली होती. उणीव राहिली ती तिला दीर्घकाळ मनुष्यबळ, निधी व देखरेख पुरविण्याची, हेच या इतिहासातून दिसून येते.