वाचणारा एक, ऐकणारं घर
मैत्रिणींनो, सुट्टीत पोरं पुस्तक घेऊन बसली की आई लांब राहते. म्हणते, "मला कुठं वाचता येतं?" पूर्वी असं नव्हतं. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' १७०२ सालचा, 'पांडवप्रताप' १७१२चा. चातुर्मासात एकजण पोथी वाचायचा, बहुतेक पुरुषच म्हणा! पण ऐकून ऐकून निरक्षर आजीला पुढची कथा तोंडपाठ असायची, नातवंडांना तीच सांगायची. खास मुलांसाठी 'आनंद' मासिक १९०६ साली निघालं, 'किशोर' १९७१ला. मुलांचं वाचन हळूहळू एकट्याचं, मनातल्या मनात झालं. उन्हाळ्यात दुपारी धान्य निवडताना लेकीला म्हणा, "मोठ्यानं वाच गं." थांबली तर विचारा, "मग पुढं काय झालं?" आणि तेवढा वेळ भांडी तिच्या भावाला घासू द्या.