चायनीज शिकायचंय, पण कुठं?

हा एपिसोड मी पन्हाळ्यावर, मामाच्या घरी बसून रेकॉर्ड केलाय. मागे पावसाचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर.

विषय घरातूनच निघाला. मामेबहीण बारावी झाली आणि म्हणाली, "दादा, मला चायनीजमध्ये बीए करायचंय." मामा जेवताना म्हणाले, "का गं, तीन दरवाजापाशी नूडल्सचा गाडा टाकतीस काय?" सगळे हसले, ती सोडून.

तिच्या यादीत दोन नावं होती. दिल्लीचं जेएनयू आणि शांतिनिकेतनचं विश्वभारती. "तू इंजिनिअर आहेस, रँकिंग बघून सांग," म्हणाली. रँकिंग उघडलं तर ते अख्ख्या विद्यापीठाचं. एका विभागात शिकवणारं कोण, पुस्तकं किती, हे त्यातून कळत नाही. मग म्हटलं, आपल्याकडच्या माणसांनी ही निवड कशी केली होती ते बघू.

गोष्ट सुरू होते गोव्याच्या धर्मानंद कोसंबींपासून. बौद्ध धर्म शिकायचा म्हणून हा माणूस घर सोडून काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असा फिरला. पाली जिथं शिकायला मिळेल तिथं गेला. नंतर १९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. तिथल्या त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक पुरुषोत्तम विश्वनाथ बापट.

बापटांपुढे एक अडचण होती. 'विमुत्तिमग्ग' नावाचा बौद्ध साधनेवरचा एक जुना ग्रंथ आहे. त्याची मूळ पाली प्रत मिळत नाही. पण सहाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं चिनी भाषांतर झालं होतं, आणि ते टिकलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, ओरिजिनल फाइल डिलीट झाली, पण बॅकअप चीनच्या सर्व्हरवर राहिला. आता तो उघडायचा तर चिनी वाचता यायलाच हवं. बापट अमेरिकेत हार्वर्डला गेले आणि हा चिनी ग्रंथ पालीतल्या 'विसुद्धिमग्गा'शी ताडून बघण्याचं काम त्यांनी केलं. ते पुस्तक १९३७ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झालं.

त्याच १९३७ च्या एप्रिलमध्ये शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी चीनभवन सुरू केलं. त्यामागे धडपड होती तान युन-शान या चिनी अध्यापकांची. त्यांनी चीनमधून ग्रंथांचा मोठा साठा मिळवला. पुढे १९४० च्या दशकात बापटही तिथं संशोधनाला गेले. कारण उघड आहे, त्यांना लागणारी पुस्तकं आणि माणसं तिथं होती.

आता दुसरा रस्ता बघा. वसंत परांजपे १९४७ मध्ये थेट पेकिंग विद्यापीठात शिकायला गेले. १९४९ मध्ये चीनमध्ये राजवटच बदलली. १९५४ मध्ये नेहरू चीनला गेले आणि माओंशी बोलले, तेव्हा दुभाषे होते परांजपे. जुनी पोथी वाचणं वेगळं आणि समोरचा माणूस बोलतोय ते त्याच क्षणी पकडणं वेगळं. दुसऱ्यासाठी ती भाषा जिथं रोज कानावर पडते, तिथंच जावं लागतं.

मग आलं १९६२ चं युद्ध. शेजाऱ्याला आपण किती कमी ओळखतो, हे देशाला कळलं. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात चीनच्या अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं. तिथं चिनी भाषेबरोबर चीनचा इतिहास, राजकारण हेही महत्त्वाचं. तिथलं शिक्षण मुख्यतः पदवीनंतरचं आहे, म्हणून ते बहिणीच्या यादीत नव्हतं, पण पुढं येऊ शकतं.

म्हणजे बघा, शांतिनिकेतन, पेकिंग, दिल्ली. प्रत्येक ठिकाण वेगळ्या प्रश्नासाठी उपयोगी पडलं. आधी प्रश्न, मग विद्यापीठ. आपण करतो उलटं. आधी नाव ठरवतो आणि तिथं गेल्यावर विचारतो, आता काय शिकू?

पन्हाळ्यालाही हे नवीन नाही. कवी मोरोपंत १७२९ मध्ये इथंच जन्मले. तेव्हा कसली डिग्री आणि कसलं रँकिंग! ते गडावरच्या पाध्ये बंधूंकडे संस्कृत शिकले. चांगला गुरू घरापासून चार पावलांवर होता, एवढंच त्यांचं नशीब. आपल्याला तो शोधत हजार-दीड हजार किलोमीटर जावं लागतं.

मी बहिणीला विचारलं, "तुला चिनीत वाचायचंय काय?" आधी म्हणाली, दुभाष्याची नोकरी चांगली असते. मग थोडं थांबून म्हणाली, "युआन श्वांग महाराष्ट्रात येऊन गेला ना, पुलकेशीच्या काळात. त्यानं आपल्या लोकांबद्दल लिहिलेलं मला त्याच्याच भाषेत वाचायचंय." सातव्या शतकातलं चिनी आणि आजचं बोलायचं चिनी यात खूप अंतर आहे. आधी आजची भाषा पक्की करायची, मग जुनी. दोन्ही शिकवणारं कोण आहे, हेच विचारायचं.

तर आम्ही तीन प्रश्न लिहिले. पहिल्या वर्षी आठवड्याला भाषेचे तास किती? जुनं चिनी शिकवतात का, आणि कोण? चिनी पुस्तकं विद्यार्थ्यांना हातात मिळतात का? दोन्ही विभागांना मेल गेलाय. उत्तरं अजून यायची आहेत, त्यामुळे निर्णयही व्हायचाय.

मामा हे सगळं ऐकत होते. रात्री हळूच म्हणाले, "त्या चिन्यानं पन्हाळ्याबद्दल काय लिहिलंय काय रं?" मी सांगितलं, गड शिलाहार भोजाच्या काळातला, त्याच्या पाचएकशे वर्षांनंतरचा. मामा म्हणाले, "बरं. मग हिला जाऊन शिकू दे. पण हॉस्टेलची फी आधी विचार."

मेलमध्ये चौथा प्रश्न वाढवलाय. तुमच्यापैकी कुणी चिनी शिकत असेल, तर तुमच्या विभागात या चार प्रश्नांची उत्तरं काय आहेत, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!