मुदत सरलेला पट्टा

जमीन पट्ट्याने घेतली आणि दोन-तीन पिढ्या वहिवाट झाली, की ती आपलीच, अशी समजूत दृढ होते. ही समजूत न्यायासनापुढे टिकत नाही आणि तिचे मोल भलत्यांनाच द्यावे लागते, हे गोमंतकातील लोहखनिजाच्या खाणींच्या इतिहासावरून आम्ही ज्ञातिबांधवांपुढे मांडीत आहो.

पोर्तुगीज अमदानीत १९०६ च्या फर्मानान्वये खाणींच्या सनदा दिल्या जात. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावरही त्या चालू राहिल्या व १९८७ च्या कायद्याने त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. या पट्ट्यांची वाढीव मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली, सबब त्यानंतरचे उत्खनन बेकायदेशीर होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी दिला. यापुढे पट्टे द्यावयाचे तर ते नव्याने व कायद्यास धरून द्यावयास हवे होते.

तथापि राज्य सरकारने जुन्या धारकांचेच ८८ पट्टे पुन्हा वाढवून दिले. मुद्रांक शुल्क भरलेल्यांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार त्यास होता, हे निःपक्षपातीपणे सांगितले पाहिजे. परंतु पट्टे लिलावानेच द्यावेत असे ठरविणारा केंद्राचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ रोजी निघाला आणि त्या एकाच दिवशी ३१ पट्टे वाढविले गेले! अशी घाई सद्हेतूची साक्ष देत नाही.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते ८८ही पट्टे रद्द ठरविले आणि १६ मार्चपासून खाणी बंद पडल्या. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत कर्ज काढून मालमोटारी घेतलेल्यांची वाहने दारात उभी राहिली. मांडवी व जुवारीतील बार्जी रित्या झाल्या. निर्णय डावलला कोणी आणि चूल विझली कोणाची! सरकारचे फेरविचाराचे अर्जही २०२१ साली फेटाळले गेले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये पहिले लिलाव झाले. म्हणजे जी वाट टाळली, तीच आठ वर्षांनी धरावी लागली.

आपल्या ज्ञातीतही कोणाची दुकाने, कोणाच्या बागा पट्ट्याने आहेत. कागदावरील मुदतीची तारीख मुलांना वाचून दाखवावी. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाचा मार्ग मोकळा असतो; परंतु निकालाकडे पाठ फिरविणे हा मार्ग नव्हे. त्याने तंटा मिटत नाही, केवळ त्याची किंमत वाढते.